आधी माणूस, मग कागद : स्कॉटलंडच्या व्हरायटी रंगभूमीच्या आठवणी जतन करण्याची रीत

ग्लासगोच्या सॉखीहॉल रस्त्यावरचे एम्पायर थिएटर १८९७ साली उघडले आणि मार्च १९६३ अखेर बंद होऊन पाडले गेले. वॉटरलू रस्त्यावरचे अल्हाम्ब्रा १९१० पासून १९६९ पर्यंत चालले आणि १९७१ मध्ये जमीनदोस्त झाले. क्वीन्स १९५२ साली जळाले, स्टॉकवेल रस्त्यावरचे मेट्रोपोल १९६१ साली. वास्तू गेल्या, पण त्या वास्तूंत बसून हसलेली माणसे अजून काही आहेत. १९५५ साली जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहे, आणि हे एक गणित लक्षात घेतले की जतनाच्या कामाचा क्रम आपोआप ठरतो.

हा क्रम मला चूक करून समजला. ग्लासगोत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या आजींनी कार्यक्रमपत्रिकांनी भरलेला बुटांचा खोका माझ्या हाती दिला, तेव्हा मी उत्साहाने तीन आठवडे स्कॅनिंग करत बसलो. खोका संपवून त्यांच्याकडे गेलो तोवर त्या आजारी पडल्या होत्या आणि पुढे त्यांना एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलणे जमले नाही. कागदांना काही होणार नव्हते. ते आणखी वर्षभर खोक्यात राहिले असते तरी चालले असते.

कशाचे जतन करायचे आहे

व्हरायटी म्हणजे एका संध्याकाळी एकापाठोपाठ एक होणारे आठ-दहा छोटे प्रवेश : विनोदी नट, गायिका, नर्तिकांचा ताफा, ॲकॉर्डियनवादक, कसरतपटू, शब्दभ्रमकार, जादूगार. बहुतेक ठिकाणी रोज संध्याकाळी दोन खेळ होत आणि सोमवारी नवा संच येई. स्कॉटलंडमध्ये या साप्ताहिक चक्राला दोन मोठ्या हंगामांची जोड होती. हिवाळ्यात लांबलचक चालणारे पँटोमाइम, म्हणजे परीकथेवर बेतलेले गाण्या-विनोदांचे सहकुटुंब नाटक, आणि उन्हाळ्यात समुद्रकाठच्या गावांतले खेळ, ज्यांसाठी ग्लासगोचे कामगार जुलैमधल्या ‘ग्लासगो फेअर’च्या सुटीत बोटीने क्लाइड नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘डून द वॅटर’, रॉथसे, लार्ग्ज, गुरॉक या गावांना जात. हॅरी लॉडर आणि विल फाइफ या विनोदी नटांनी हा विनोद जगभर नेला, पण टॉमी लॉर्न, डेव्ह विलिस, टॉमी मॉर्गन, हॅरी गॉर्डन, लेक्स मॅक्लीन, जॅक मिलरॉय ही नावे प्रामुख्याने घरची होती. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्कॉटिश टेलिव्हिजन सुरू झाले, तेही ग्लासगोच्या थिएटर रॉयलमधूनच, आणि पुढच्या दहा वर्षांत नाट्यगृहांत बिंगो, म्हणजे पैसे लावून खेळायचा आकड्यांचा खेळ, शिरला. ॲबरडीनच्या टिव्होलीत तो १९६६ साली आला.

या कलेचा मोठा भाग कधी लिहिला गेलाच नाही. नट विंगेतून बाहेर येऊन पहिल्या रांगेकडे बघत काय म्हणाला, गॅलरीतून काय उत्तर आले आणि त्यावर त्याने काय केले, हे संहितेत सापडत नाही. त्यामुळे आठवणी म्हणजे कागदपत्रांना लावलेली झालर आहे, असे समजू नका. इथे त्या मूळ पुरावा आहेत.

पहिली पायरी : आवाका लहान ठेवा

‘स्कॉटिश व्हरायटी’ हा विषय घेऊन बसलात तर हाती काही लागणार नाही. एक नाट्यगृह घ्या, किंवा एका गावाचा उन्हाळी हंगाम, किंवा एकाच व्यक्तीचा खोका. एअरचे गेटी हे नाट्यगृह आणि तिथे पॉपलवेल कुटुंबाने चालवलेला ‘गेटी व्हर्ल’ हा उन्हाळी खेळ घेतला, तरी दोन वर्षांचे काम होईल.

आवाका ठरवताना नावांचे सापळे आधीच टिपून ठेवावेत. एम्पायर ग्लासगोत होते तसे एडिनबरोतही होते. एडिनबरोचे एम्पायर म्हणजे १९११ च्या आगीत ‘द ग्रेट लाफाएट’ हा जादूगार जिथे मरण पावला ते नाट्यगृह. त्याच जागी आज फेस्टिव्हल थिएटर आहे. मेट्रोपोलचा घोळ याहून बिकट आहे. स्टॉकवेल रस्त्यावरचे मूळ मेट्रोपोल जळाल्यावर नट जिमी लोगन यांनी १९६४ साली सेंट जॉर्जेस क्रॉसजवळचे एम्प्रेस थिएटर विकत घेतले आणि त्याला ‘न्यू मेट्रोपोल’ नाव दिले. एखाद्या आजोबांनी “मेट्रोपोलमध्ये पाहिले” म्हटले की लगेच विचारावे, ते नदीजवळचे की सेंट जॉर्जेस क्रॉसचे? हॅरी गॉर्डन ज्या ‘इन्व्हर्सनेकी’ गावाचा जमीनदार म्हणून मिरवत ते गाव काल्पनिक आहे, हेही माहीत असावे. नाहीतर नोंदीच्या ‘स्थळ’ या रकान्यात ते जाऊन बसते.

दुसरी पायरी : बोलणाऱ्याला बोलते करणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. केवळ प्रेक्षक शोधू नका. वाद्यवृंदातला तुतारीवाला, तिकिटे फाडणारी मुलगी, कलाकारांना भाड्याने खोल्या देणाऱ्या घरमालकिणीची लेक, मे मॉक्सन यांच्यासारख्या संचालिकेच्या ताफ्यात नाचलेली स्त्री, ही माणसे तारांकित नटापेक्षा अधिक सांगतात, कारण त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते. प्रसिद्ध माणसाचे किस्से घोटून गुळगुळीत झालेले असतात.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी भेटून हेतू समजावून सांगा आणि त्या वेळी ध्वनिमुद्रण करू नका. प्रत्यक्ष बैठक तासाभराची असावी. वयस्कर व्यक्तीला त्याहून जास्त झेपत नाही, दुसरी बैठक ठेवावी. खोलीतले टिकटिकणारे घड्याळ बाहेर ठेवा, गुरगुरणारा फ्रिज जवळ असेल तर दार लावून घ्या. साध्या मोबाइलला कॉलरवर लावायचा मायक्रोफोन जोडला तरी पुरे होते, मात्र ध्वनिमुद्रण एमपी-थ्रीमध्ये न करता वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने करावे. सुरुवातीलाच तारीख, जागा आणि दोघांची नावे मोठ्याने सांगून ठेवावीत. फाइलचे नाव पुढे हरवले तरी ओळख आवाजातच राहते.

प्रश्न “तुम्हाला कोणता नट आवडायचा?” असा विचारलात तर उत्तर दोन शब्दांत येईल. त्याऐवजी त्या व्यक्तीला घरातून बाहेर काढा : त्या दिवशी कोणाबरोबर निघालात, कशाने गेलात, रांगेत किती वेळ उभे होतात, कुठे बसलात, समोरच्या बाईच्या हॅटमुळे काही दिसत होते का, वास कशाचा येत होता. आमच्या आजी नटाविषयी फारसे बोलल्या नाहीत, पण गॅलरीच्या लाकडी बाकांविषयी, सोललेल्या संत्र्यांच्या वासाविषयी आणि खाली पाहताना वडिलांनी त्यांच्या कोटाचा पट्टा कसा घट्ट धरून ठेवला होता याविषयी त्या थकेपर्यंत बोलल्या. या वाटेने गेले की पडदा आपोआप उघडतो.

कार्यक्रमपत्रिका सुरुवातीलाच हातात देऊ नका. कागद पाहिला की माणूस आठवायचे सोडून वाचू लागतो. आधी मोकळे बोलू द्या, आणि ओघ आटला की पत्रिका पुढे करा. गाणे आठवले तर पूर्ण गाऊ द्या आणि शब्द चुकले तरी दुरुस्त करू नका. डेव्ह विलिस यांचे युद्धकाळातले गॅस मास्कचे गाणे ज्या मुलांनी शाळेच्या आवारात म्हटले त्यांच्या तोंडी ते जसे रुळले, तसे रुळणे हाही इतिहासच आहे. शांतता पडली तर पाच-सात सेकंद थांबा. पुढचा प्रश्न पाठ असतो म्हणून घाईने विचारला जातो आणि येऊ घातलेली गोष्ट परत जाते.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला इथे एक अनपेक्षित फायदा मिळतो. इथला नातू जे विचारत नाही ते आपल्याला खरोखरच माहीत नसते. ‘डेम’ म्हणजे पँटोमाइममध्ये पुरुषाने वठवलेली प्रौढ बाई, ‘फीड’ म्हणजे विनोदी नटाला वाक्य पुरवणारा गंभीर जोडीदार, ‘डिग्ज’ म्हणजे कलाकारांच्या भाड्याच्या खोल्या, हे समजावून सांगता सांगता बोलणारी व्यक्ती कितीतरी जास्त तपशील देऊन जाते. अज्ञान लपवू नका.

तिसरी पायरी : बोलणे कागदावर उतरवणे

शब्दांकन करताना ग्लासगोच्या बोलीचे प्रमाण इंग्रजीत रूपांतर करू नये, कारण विनोद त्या उच्चारातच असतो. टॉमी मॉर्गन यांचे ‘क्लेअर्टी, क्लेअर्टी’ हे पालुपद ‘डिक्लेअर’ या शब्दावरून झिजून आलेले आहे. ते सुधारून लिहिले की त्यात काही उरत नाही. न समजलेला शब्द ध्वनीप्रमाणे लिहून पुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या बैठकीत विचारा. संगणकाकडून शब्दांकन करून घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण जुनी ग्लासगो बोली त्याला नीट कळत नाही, विशेषतः नाट्यगृहांची आणि माणसांची नावे तो हमखास बिघडवतो, तेव्हा मूळ आवाजाशी ओळ न् ओळ ताडून पाहण्याला पर्याय नाही. दर पाच मिनिटांनी वेळ नोंदवत गेलात तर पुढच्या अभ्यासकाचे बरेच श्रम वाचतात.

चौथी पायरी : कागद

कागदांत चार प्रकार हमखास सापडतात : कार्यक्रमपत्रिका, लांबोळकी जाहिरातपत्रके, छायाचित्रे आणि कात्रणवह्या. सगळ्यात आधी खोक्यातला क्रम जसा आहे तसा मोबाइलवर टिपून ठेवा. कोणती पत्रिका कोणत्या तिकिटाच्या अर्धुकाबरोबर ठेवली होती यातच कधी तारीख दडलेली असते.

पत्रिकांना लावलेल्या स्टेपलच्या टाचण्या गंजलेल्या असतील तर त्या ओढू नका. पाते सरकवून टोके सरळ करा आणि मग अलगद काढा. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीही करू नये, ते परत उलटवता येत नाही. आम्लरहित कागदाचे लिफाफे आणि पॉलिस्टरची पारदर्शक पाकिटे वापरावीत. साध्या पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारी द्रव्ये छायाचित्रांना चिकटतात. लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूस, कडेला. माळा आणि तळघर या दोन्ही जागा वाईट. राहत्या खोलीतले, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट सर्वांत बरे.

स्कॅन करताना पत्रिका ४०० डीपीआय आणि छायाचित्रे ६०० डीपीआय या मापाने, टिफ स्वरूपात करावीत, आणि पाहण्यासाठी त्यावरून लहान जेपेग काढावे. पत्रिकेचे प्रत्येक पान घ्या, जाहिरातींसकट. शेजारच्या चहागृहाची किंवा फर कोटांच्या दुकानाची जाहिरात आज निरुपयोगी वाटते, पण कालनिश्चितीला तीच धावून येते. नावांच्या अक्षरांचा आकारही नोंदवावा. सर्वांत मोठे नाव वर आणि सर्वांत बारीक नावे तळाशी, मद्यगृहाच्या जाहिरातीजवळ. रंगभूमीच्या बोलीत तळाच्या जागेला ‘वाइन्स अँड स्पिरिट्स’ म्हणत. पाच वर्षांत एखादे नाव तळातून वर कसे सरकले, हे पत्रिका ओळीने मांडल्या की डोळ्यांना दिसते.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, नाट्यगृह आणि क्रमांक असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणक आपोआप कालानुक्रमे लावतो. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी.

वर्ष शोधण्याची युक्ती

या पत्रिकांचा सर्वांत मोठा वैताग म्हणजे त्यांवर वर्ष नसते. ‘सोमवार, ७ जुलैपासून’ एवढेच छापलेले असते. त्या आठवड्यात नाट्यगृहाकडे येणाऱ्याला वर्ष सांगण्याची गरज काय होती? पण वार आणि तारीख दोन्ही असणे ही देणगीच आहे. ७ जुलैला सोमवार १९३०, १९४१, १९४७, १९५२, १९५८ आणि १९६९ या वर्षी येतो. आता दरपत्रक पाहा. तिकिटाच्या दरात करमणूक कर धरल्याचा उल्लेख असेल तर १९५८ आणि १९६९ बाद, कारण १९१६ साली लागू झालेला तो कर नाटकांवरून १९५७ मध्ये उठला. हवाई हल्ल्याच्या वेळी काय करावे याची सूचना असेल तर १९४१ वर बोट ठेवता येते. ती नसेल तर कलाकारांच्या नावांकडे वळा आणि त्या वर्षांतल्या जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांची स्थानिक वृत्तपत्रे व १८८० पासून निघणारे ‘द स्टेज’ हे साप्ताहिक चाळा. दर शिलिंग-पेन्सऐवजी नव्या पेन्सांत असतील तर पत्रिका फेब्रुवारी १९७१ नंतरची, हे उघडच आहे.

हीच युक्ती आठवणींनाही लावावी. कोणी ट्रामने एम्पायरला गेल्याचे सांगत असेल तर तो प्रसंग सप्टेंबर १९६२ पूर्वीचा, कारण त्या महिन्यात ग्लासगोतली शेवटची ट्राम धावली.

पाचवी पायरी : आवाज आणि चित्रफिती

इथे मुख्य सूचना नकारार्थी आहे. सापडलेली जुनी रीळ-फीत किंवा घरी कोरलेली लॅकरची तबकडी ‘जरा वाजवून बघू’ म्हणून यंत्रावर चढवू नये. कधीकधी ती एकदाच वाजते. व्यावसायिकाकडून पहिल्याच वेळी डिजिटल प्रत काढून घ्यावी. चित्रफितीच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचा ॲसिटेट कुजू लागला आहे. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करून थंड जागी ठेवा. पन्नासच्या दशकाआधीची ३५ मिलिमीटर फीत असेल तर ती ज्वालाग्राही नायट्रेट असू शकते, म्हणून न उघडता आधी ग्लासगोच्या केल्विन हॉलमधल्या स्कॉटलंड राष्ट्रीय ग्रंथालयाच्या चलचित्र संग्रहाला फोन करावा.

सहावी पायरी : पडताळणी, पण आख्यायिकेला न मारता

इंग्रज विनोदवीरांचे कब्रस्तान अशी ग्लासगो एम्पायरची ख्याती होती. डेस ओ’कॉनर तिथे रंगमंचावर बेशुद्ध पडले, ही गोष्ट ते स्वतःच सांगत. माइक आणि बर्नी विंटर्स या भावांची गोष्ट आणखी प्रसिद्ध : माइक एकटा बराच वेळ झगडला, मग पडद्यातून बर्नीने डोके बाहेर काढले आणि गॅलरीतून आवाज आला, अरे देवा, हे तर दोघे आहेत! ही ओळ आपण स्वतः ऐकली असे सांगणारे इतके लोक भेटतात की सगळे त्या रात्री तिथे असते तर एम्पायरचे छतच उडाले असते. अशा वेळी बोलणाऱ्याला खोटे पाडू नये. नोंदीत तीन रकाने करावेत : स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, सर्वत्र प्रचलित. टॉमी मॉर्गन यांच्या अस्थी ग्लासगोच्या पॅव्हिलियन नाट्यगृहाच्या छपरावर विखुरल्याची कथा बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात जाते, आणि तिथे ती शोभते.

संहितांसाठी एक अनपेक्षित ठिकाण आहे. १९६८ पर्यंत ब्रिटनमध्ये नाट्यप्रयोगांच्या संहितांना लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयाची पूर्वमंजुरी लागे, त्यामुळे त्या कचेरीत जमा झालेल्या पँटोमाइमच्या संहिता आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मंजूर झालेले पान आणि आजोबांना आठवणारा प्रवेश शेजारी ठेवून पाहा. फरक जिथे पडतो तिथे नटाची पदरची भर असण्याची शक्यता मोठी.

वास्तूही बोलते. ग्लासगोत ट्रोनगेटच्या ब्रिटानिया पॅनॉप्टिकन या नाट्यगृहात १९०६ साली, पुढे लॉरेल-हार्डी जोडीने गाजलेल्या, सोळा वर्षांच्या स्टॅन लॉरेलने पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवले. १९३८ मध्ये ते बंद झाल्यावर खोट्या छतावर प्रेक्षागृह तसेच अंधारात राहिले, आणि पुढे साफसफाईत फळ्यांखालून गुंड्या आणि सिगारेटची पाकिटे निघाली. एखाद्या नाट्यगृहाची दुरुस्ती निघाली आहे असे कानावर आले तर कंत्राटदाराला भेटून फळ्यांखालचा कचरा फेकू नका, एवढे सांगून ठेवावे.

या काळाला सुवर्णकाळ म्हणतात, तरी त्यातले न शोभणारेही जपायला हवे. चेहरा काळा रंगवून केलेले प्रवेश होते, भारतीय फकीर म्हणून मिरवणारे गोरे जादूगार होते, आणि किल्ट हा चौकडीचा स्कॉटिश घागरा घातलेल्या कंजूष स्कॉट माणसाच्या सोंगावर खुद्द स्कॉटलंडमध्येही टीका झाली. कवी ह्यू मॅकडायर्मिड यांनी लॉडर यांच्यावर कडाडून हल्ला केला होता. अशा पत्रिका वगळू नयेत. वर्णनात साधी सूचना घालून त्या तशाच ठेवाव्यात.

सातवी पायरी : परवानगी आणि हक्क

मुलाखत देणाऱ्याकडून लेखी संमती घ्या आणि तीत ऐकवणे, छापणे, इंटरनेटवर ठेवणे यांना वेगवेगळा होकार विचारा. जिवंत व्यक्तींविषयीचे खाजगी उल्लेख असतील तर तेवढा भाग ठरावीक काळ बंद ठेवता येतो. ब्रिटिश कायद्यात लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. विल फाइफ १९४७ मध्ये आणि लॉडर १९५० मध्ये वारले, त्यामुळे त्यांनी एकट्याने रचलेले शब्द आता मुक्त आहेत, परंतु सहलेखक असेल तर शेवटच्या सहलेखकाचे मृत्युवर्ष धरावे लागते. १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकांवरचा मुद्रणहक्क संपला आहे. गाण्याचा हक्क मात्र वेगळा मोजावा. छायाचित्र आजींच्या खोक्यात असले म्हणून हक्क आजींचा होत नाही, तो सहसा छायाचित्रकाराचा किंवा छायाचित्र काढवून घेणाऱ्याचा.

आठवी पायरी : सुपूर्द करणे

ग्लासगो विद्यापीठातला स्कॉटिश थिएटर आर्काइव्ह १९८१ पासून नेमके हेच जमवतो. शहरातल्या मिचेल लायब्ररीतही नाट्यगृहांच्या पत्रिकांचा मोठा साठा आहे. ॲबरडीन, डंडी किंवा एअरची सामग्री शक्यतो त्या त्या भागाच्या अभिलेखागाराला द्यावी, कारण तिथे ती ओळखणारी माणसे येतात. खोका थेट दाराशी नेऊन ठेवू नका. आधी यादी पाठवा. त्यांच्याकडे असलेल्या प्रती ते परत करतात, आणि ते योग्यच आहे. देणगी द्यायची की मालकी आपल्याकडे ठेवून केवळ ठेवायला द्यायचे, हे लेखी ठरवून पोच घ्यावी आणि कुटुंबाला डिजिटल प्रत द्यावी.

यादीत ओळख न पटलेल्या छायाचित्रांपुढे अंदाजाने नाव घालू नये. आजींच्या खोक्यात गुरॉकच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या सहा नर्तिकांचे छायाचित्र होते. मी यादीत एवढेच लिहिले : सहा स्त्रिया, एकसारखे कोट, डावीकडून तिसरी हसताना डोळे मिटलेली, नावे अज्ञात. मागच्या बाजूला पेन्सिलीने कोणीतरी लिहिलेला ‘मंगळवार, पाऊस’ हा शेराही तसाच उतरवून घेतला.